होदिगेऱ्याची वाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेत प्रवासावर एक भाषण असावे अशी संयोजकांची इच्छा होती आणि ते सहल समितीच्या वतीने आम्ही करावे असा त्यांचा आग्रह पडला. प्रवासवर्णन म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे हिमालय तरी येतो, नाहीतर युरोपातील एखादे टुमदार शहर तरी येते. आम्ही मात्र आपणांस फार लांब नेणार नाही. ज्या मुलुखातून आपण वर्षातून निदान एकदा जातो, आणि जो आपण बहुधा डोळ्यांनी पाहिलेला नसतो, त्या मुलुखाची ही हकीकत आहे.

बंगळूरहून पुण्याकडे किंवा कोल्हापुराकडे जाणारी रात्रीची बस येथे बसलेल्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे. दिवेलागणीनंतर ती सुटते. तुमकूर येईतो मुलांची जेवणे आटोपतात, शिरे येईतो पांघरुणे अंगावर येतात, आणि चित्रदुर्ग व दावणगेरे ही गावे आपण सारे गाढ झोपेत ओलांडतो. डोळे उघडतात ते बेळगावच्या पुढे, निपाणीच्या आसपास, आणि मग कोणीतरी म्हणते, "चला, आलं आपलं गाव." या दोहोंमधला जो झोपेचा टापू, त्यात महामार्ग सोडून दीड-दोन तास आत गेले की चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे नावाचे एक लहानसे खेडे लागते. शहाजीराजे भोसले यांची समाधी तेथे आहे.

सुवर्णमहोत्सवाची सहल कोठे न्यावी याविषयी समितीत बराच वाद झाला होता, हे येथे सांगितले पाहिजे. ज्येष्ठ मंडळींचा कौल अष्टविनायकाला होता. काहींना रायगड हवा होता. होदिगेऱ्याचे नाव निघाले तेव्हा एका सभासदांनी सरळ विचारले, "तिथं पाहण्यासारखं आहे तरी काय?" प्रश्न रास्त होता. पण त्याच बैठकीत एक भगिनी जे म्हणाल्या त्याने वादाचे स्वरूपच पालटले. त्या म्हणाल्या, "शाळेत माझ्या मुलीला तिचं गाव विचारतात. ती वाईचं नाव सांगते, कारण आम्ही तसं शिकवलं आहे. वाई तिनं दोनदा पाहिली आहे. आणि ज्या मुलखात ती जन्मली, त्यातलं बंगळूरबाहेरचं एकही गाव तिला ठाऊक नाही. मग तिला गाव आहे तरी कोणतं?" यावर कोणी काही बोलले नाही. सहल होदिगेऱ्यास न्यायचे ठरले.

निघण्यापूर्वी थोडा इतिहास ध्यानी घेणे इष्ट आहे. १६३८ मध्ये विजापूरचा सेनापती रणदुल्लाखान याने कर्नाटकात मोहीम केली, तीत शहाजीराजे त्याच्याबरोबर होते. बंगळूरचे केंपेगौडा त्यावेळी पराभूत झाले व मागडीस गेले. बंगळूर व आसपासचा प्रदेश शहाजीराजांच्या जहागिरीत आला आणि हे गाव त्यांनी आपले मुख्य ठाणे केले. बाल शिवाजीराजे आणि जिजाबाई काही काळ येथे येऊन राहिले होते. जयराम पिंडे या कवीने 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथात शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन केले आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो ग्रंथ १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या दरबारात संस्कृतासह अनेक भाषांतील कवींना आश्रय होता असे त्यावरून दिसते. आज बंगळूरच्या एखाद्या गल्लीत पाच भाषा कानी पडतात याचे नवागतास आश्चर्य वाटते. हे आश्चर्य पावणेचारशे वर्षांचे जुने आहे.

राजांचा येथला काळ सुखाचाच होता असे नव्हे. १६४८ मध्ये जिंजीजवळ त्यांना कैद झाली. पुढील वर्षी सुटका झाली. वडील चिरंजीव संभाजीराजे कनकगिरीच्या लढाईत पडले. पुष्कळ वर्षांच्या ताटातुटीनंतर, आयुष्याच्या अखेरच्या काळात, शहाजीराजे एकदा पुणे प्रांती जाऊन शिवाजीराजांना भेटले असे बखरकार सांगतात. मुलाने उभारलेले राज्य त्यांनी पाहिले, आणि ते परत कर्नाटकात आले. परमुलुखात आयुष्य काढलेल्या माणसाची ही सफर आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. आपणही जातो, पाहतो, डोळे भरून येतात, आणि परतीचे तिकीट काढलेलेच असते.

२३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेऱ्याच्या रानात शिकारीच्या वेळी घोडा अडखळला आणि राजांचा अंत झाला. त्याच महिन्याच्या आरंभी शिवाजीराजे सुरतेवर चालून गेले होते. पित्याच्या मृत्यूची वार्ता त्यांना कळली ती राजगडी. जिजाबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला आणि पुत्राने महाप्रयासाने त्यांना परावृत्त केले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. राजगडावरील त्या शोकाचे दुसरे टोक होदिगेऱ्यास आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात असते.

बंगळूर पुढे धाकटे चिरंजीव व्यंकोजीराजे यांच्याकडे राहिले. मल्लेश्वरम्‌मधील काडू मल्लेश्वराच्या देवळाला त्यांनी १६६९ मध्ये एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. भाजी आणायला त्या बाजूस जाणाऱ्या आपल्या गृहिणींपैकी किती जणींनी तो पाहिला असेल? व्यंकोजीराजांनी तंजावरास राजधानी नेली. १६८७ मध्ये मोगलांचा सरदार कासीमखान याने बंगळूर घेतले आणि तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना दिले. येथली मराठ्यांची सत्ता अशी जेमतेम अर्धशतकाची. सत्ता गेली, माणसे मात्र राहिली. शिंपी, रंगारी, भावसार, कारकुनी करणारे देशस्थ, शेती करणारे मराठे असे कितीतरी जण या मुलुखात रुजले. आपल्या मंडळात त्यांची घराणी आहेत. विमान कारखाना, दूरध्वनी कारखाना, अवकाश संशोधन आणि अलीकडे संगणक या निमित्तांनी आलेले आपण त्या मानाने कालचे पाहुणे आहोत.

आता वाटेविषयी. होदिगेऱ्यास जाण्याचे दोन मार्ग आहेत, रस्त्याचा आणि रेल्वेचा. रेल्वेने जायचे तर दावणगेरे हे सोयीचे स्थानक. तुमकूर, अर्सिकेरे, बिरूर, चिक्कजाजूर या मार्गाने गाडी जाते. हा मार्ग जुना आहे. म्हैसूर संस्थानची रेल्वे हरिहरपर्यंत आणि तेथून पुढे 'सदर्न मराठा रेल्वे', अशी ही वाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोडली गेली. त्या लहान रुळांच्या गाडीने, कोळशाची कुसळे डोळ्यांत घेत, दीड दिवसाचा प्रवास करून आलेली माणसे आपल्या ज्येष्ठांनी पाहिली आहेत. १९९० नंतरच्या दशकात रूळ रुंद झाले, आणि २०२३ मध्ये सुरू झालेली बंगळूर-धारवाड 'वंदे भारत' गाडी दावणगेऱ्यास चार तासांच्या आसपास पोचवते. म्हातारी माणसे बरोबर असतील तर रेल्वेने दावणगेरे गाठावे आणि तेथून मोटार करावी.

आम्ही मात्र रस्त्याने गेलो, कारण वाट पाहणे हाच निम्मा हेतू होता. दावणगेरे बंगळूरहून अडीचशे किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. पहाटे निघावे. डाबसपेठेजवळ महामार्गालगतच निजगलचा डोंगर दिसतो. १७७० मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांच्या फौजेने तो किल्ला मोठा रक्तपात सोसून घेतला, आणि चित्रदुर्गच्या नायकाचे बेडर सैनिक त्यावेळी मराठ्यांच्या बाजूने लढले. आज त्या डोंगराच्या पायथ्याशी मालमोटारी थांबतात व चालक चहा पितात.

पुढे शिरे. मराठी कागदपत्रांत हे नाव वारंवार येते. आदिलशाही, मोगल, मराठे, हैदर अशा चार सत्तांनी ते आलटून पालटून उपभोगले. १६८७ नंतर ते मोगलांच्या सुभ्याचे ठिकाण झाले. १७६६ पासून काही वर्षे मराठ्यांकडे होते. विजापूरकरांचा सुभेदार मलिक रिहान याचा दर्गा येथे आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात तो पाहावा. अर्धा तास पुरे होतो.

चित्रदुर्गास मात्र तीन तास तरी हातचे राखावेत. मोठमोठ्या गोल शिळांच्या टेकड्यांतून सात तटांचा हा दुर्ग वर चढत जातो. आपल्या सह्याद्रीतील गडांची सवय असलेल्या डोळ्यांना ही रचना निराळी वाटते. तिकडे कडा हाच तट. येथे शिळेला शीळ सांधून माणसाने तट केला आहे. वरच्या तळ्याचे पाणी खालच्या तळ्यात यावे अशी योजना असल्यामुळे या कोरड्या प्रदेशातही गडावर पाण्याचा दुष्काळ पडत नसे. 'अक्क-तंगी होंड' म्हणजे थोरल्या व धाकट्या बहिणीची तळी, ही नावे ऐकून आमच्यातील बायकांना मोठी मौज वाटली.

येथे एक गोष्ट घडली. ओबव्वेच्या खिंडीपाशी आम्ही मार्गदर्शक शोधत होतो, तोच आमच्या बरोबरच्या दहा-बारा वर्षांच्या मुलांनी ते काम आपल्याकडे घेतले. हैदराचे सैनिक या फटीतून एकेक करून कसे शिरू लागले, पहारेकरी घरी जेवायला गेला असता त्याच्या बायकोने मुसळ उचलून एकेकाला कसे लोळवले, हे त्यांनी साभिनय सांगितले, आणि तेही मध्येच कानडीत शिरून, कारण ती कथा त्यांना कानडीतच पाठ होती. आजी-आजोबा ऐकत होते. तानाजीची आणि हिरकणीची गोष्ट जे इतकी वर्षे सांगत आले, त्यांना प्रथमच नातवंडांकडून एक गोष्ट मिळाली. गडाचा पाडाव अखेर १७७९ मध्ये हैदराकडून झालाच. पण ओबव्वेचे मुसळ कर्नाटकातील प्रत्येक मुलाच्या ओळखीचे आहे. आपल्या मुलांचे दोन वारसे आहेत, यात त्यांचे काही उणे होत नाही, हे आम्हांला त्या खिंडीपाशी उमगले.

मुक्काम दावणगेऱ्यास केला. कापसाच्या पेठेचे आणि गिरण्यांचे हे गाव. आज लोण्याच्या डोशासाठी त्याची ख्याती आहे आणि ती खोटी नाही. हैदरअलीने हे गाव अपोजी राम नावाच्या एका मराठा सरदाराला जहागीर दिले आणि त्याने व्यापाऱ्यांना बोलावून येथे पेठ वसवली, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चन्नगिरीचा रस्ता धरला. महामार्ग सुटला की देखावा पालटतो. भद्रेच्या कालव्याचे पाणी या भागात आले आहे. भाताची खाचरे दिसू लागतात आणि त्यामागून पोफळींच्या बागा. कोकणातील मंडळी मोटारीच्या खिडक्यांतून बाहेर डोकावू लागली. सुपारी वाळत घातलेली अंगणे, तो ओलसर उग्र वास, उंच सरळ खोडांमधून झिरपणारे ऊन पाहून एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "हे तर आमचं श्रीवर्धन." त्यांच्या नातीने लगेच विचारले, "मग समुद्र कुठं आहे?" समुद्र नव्हता, पण समुद्रासारखे काही पुढे यायचे होते.

वाटेत प्रथम संतेबेन्नूर लागते. सोळाव्या शतकात येथील पाळेगार केंग हनुमप्पा नायक याने रंगनाथाच्या देवळापुढे एक पुष्करणी बांधली. चारी बाजूंनी उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, पाण्याच्या कडेने लहान मंडप, आणि मधोमध, पाण्यातून वर आलेला अनेक मजल्यांचा वसंतमंडप. शिखर देवळाचे, कमानी मशिदीच्या, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून गेलेल्या. पाणी निश्चल असले म्हणजे मंडप खाली व वर दोनदा दिसतो. शेजारी 'मुसाफिरखाना' नावाची भव्य इमारत आहे. रणदुल्लाखानाने गाव घेतले, देऊळ पाडले आणि त्या जागी ती उभारली असे सांगतात. ज्या मोहिमांनी शहाजीराजांना बंगळूर मिळाले, त्याच मोहिमांत या नायकांचे राज्य हादरले. त्यांचे वंशज पुढे तरीकेऱ्यास गेले. पुष्करणीच्या पायरीवर बसून हे ऐकताना आमच्यात शांतता पसरली. आपल्या पूर्वजांचा विजय ज्या गावाने पराभव म्हणून भोगला, त्या गावी बसून तो इतिहास वाचला म्हणजे त्याचा सूर बदलतो. इतिहासाचा अभिमान बाळगावा, पण तो सर्व बाजूंनी पाहिलेला असावा, एवढेच आम्हांला म्हणायचे आहे.

तेथून थोड्याच अंतरावर सूळेकेरे. आता तिचे नाव 'शांतिसागर' असे आहे. 'केरे' म्हणजे तळे, आणि समासात त्याचाच 'गेरे' होतो. दावणगेरे, होदिगेरे, होळलकेरे, तरीकेरे या साऱ्या नावांच्या शेवटी तळे आहे. या मुलुखात आधी तळे आणि मग गाव, असा क्रम असावा असे नावांवरून वाटते. सूळेकेरे ही त्या तळ्यांची राणी. दोन टेकड्यांमधल्या अरुंद खिंडीत एक बांध घातला, आणि मागे सुमारे २७ चौरस किलोमीटरांचा जलाशय झाला. बांध लांबीला फार नाही, रुंदी आणि भक्कमपणा मात्र विलक्षण आहे. आठ-नऊ शतकांचे पूर त्याने परतवले आहेत. पाणी सोडण्यासाठी 'सिद्ध' आणि 'बसव' नावांचे दोन कालवे आहेत. बांधावर उभे राहिले की पलीकडचा काठ धूसर दिसतो आणि वाऱ्याने लाटा पायाशी येतात. श्रीवर्धनच्या गृहस्थांच्या नातीला तिचा समुद्र मिळाला.

तळ्याची कथा अशी सांगतात. शांतव्वा नावाच्या एका राजकन्येवर पिता कोपला. प्रायश्चित्त म्हणून तिने तळे बांधायचे ठरवले. योग्य जागा गणिकांच्या वस्तीची होती. त्या म्हणाल्या, जागा देऊ, पण तळ्याला आमचे नाव राहिले पाहिजे. राजकन्येने ते मान्य केले. कथेतले खरे किती हे ठरवणे कठीण. पण ज्यांना समाजाने कोठेच मान दिला नाही, त्यांचे नाव शतकानुशतके शेतकऱ्यांच्या तोंडी राहिले, ही गोष्ट सामान्य नव्हे. आजही हे पाणी शेतांना मिळते आणि चित्रदुर्गापर्यंत पिण्यासाठी जाते. बंगळुरातील आपल्या वसाहतींखाली किती तळी बुजली आहेत याची कल्पना असलेल्या माणसाने या बांधावर थोडा वेळ उगाच उभे राहावे.

चन्नगिरी हे तालुक्याचे गाव. टेकडीवर किल्ला आहे. चढ बेताचा असून वरून पोफळींचे हिरवे पट्टे दिसतात. गावाला नाव मिळाले ते केळदीची राणी चन्नम्माजी हिच्यावरून. या राणीचे आपल्यावर ऋण आहे. १६८९ मध्ये संभाजीमहाराजांच्या वधानंतर राजाराममहाराज वेषांतर करून पन्हाळ्याहून जिंजीस निघाले. मोगल पाठीवर होते. अशा वेळी त्यांना आपल्या मुलुखातून सुखरूप वाट देणे म्हणजे औरंगजेबाचे वैर ओढवून घेणे होते. चन्नम्माजीने ते घेतले. मोगलांची फौज तिच्यावर चालून आली आणि तिने तिच्याशी झुंज दिली. राजाराममहाराज पुढे बंगळुरापाशी ओळखले जाता जाता वाचले अशीही कथा आहे. त्या एका वाटसरूला या भूमीने सांभाळले नसते तर मराठ्यांच्या पुढील इतिहासाचे काय झाले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा. अष्टविनायकाचा आग्रह धरणाऱ्या आमच्या एका काकांनी किल्ल्याच्या पायरीला हात लावून नमस्कार केला. त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आणि मग होदिगेरे. भव्यतेची अपेक्षा धरून जाणाऱ्याची येथे निराशा होईल. शेतांच्या शेजारी कुंपण घातलेली जागा, पुरातत्त्व खात्याची पाटी, आणि साधी दगडी समाधी. संतेबेन्नूरची पुष्करणी आणि ही समाधी दोन्ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. ज्यांच्या एका मुलाने रायगडी सिंहासन स्थापिले आणि दुसऱ्याने तंजावरास, त्यांची विश्रांतीची जागा इतकी साधी असावी, याचे प्रथम वाईट वाटते. थोडे थांबले की वाईट वाटेनासे होते. झाडांत पाखरे बोलत असतात, दूर पाण्याचा पंप चालू असतो, बैलगाडी जाते. शेतकऱ्यांच्या नित्याच्या जगण्याने ती जागा वेढलेली आहे.

आम्ही फुले वाहिली. भाषणे करायची नाहीत असे आधीच ठरले होते. तेवढ्यात शेजारच्या शेतातून एक म्हातारे गृहस्थ डोक्याचे मुंडासे सावरीत आले आणि त्यांनी विचारले, "एल्लिंद बंद्री?" म्हणजे, कोठून आलात? आमच्यातील कोणी साताऱ्याचे नाव घेतले, कोणी रत्नागिरीचे, कोणी नागपूरचे. म्हातारबाबा गोंधळले, इतक्या लांबून एकाच मोटारीतून ही माणसे आली कशी? तेव्हा बैठकीत जिचा विषय निघाला होता ती वाईची मुलगी पुढे झाली आणि स्वच्छ कानडीत म्हणाली, "बेंगळूरिंद, अज्जा." अज्जांचा चेहरा उजळला. लांबून म्हणजे इतकेच होय! त्यांनी घरातून ताकाची कळशी आणवली. समाधीकडे हात करून ते म्हणाले की, हे राजे आमच्या गावचे. भाषा कानडी होती, आणि 'आमच्या गावचे' हे शब्द आमच्या लहानथोर सर्वांना कळले.

परतीच्या वाटेवर त्या शब्दांवर बरेच बोलणे झाले. वेरूळचे भोसले, पुण्याचे जहागीरदार, आणि होदिगेऱ्याचे अज्जा म्हणतात, आमच्या गावचे. ते चुकीचे म्हणत नव्हते. माणूस जेथून येतो ते त्याचे गाव, तसे जेथे त्याची माती होते आणि जेथली माणसे ती माती सांभाळतात, तेही त्याचे गावच. साडेतीनशे वर्षे त्या जागेच्या भोवती ज्यांनी नांगर फिरवला आणि तिला धक्का लावला नाही, त्यांच्यापाशी आपण हक्क सांगायला जाऊ नये; आभार मानायला जावे.

वेळ असेल त्यांनी परतताना हरिहर गाठावे. होयसळांचा सेनापती पोलाळ्व याने १२२४ च्या सुमारास बांधलेले हरिहरेश्वराचे देऊळ तेथे आहे. अर्धा हर आणि अर्धा हरी अशी एकच मूर्ती. शैव आणि वैष्णव यांचे भांडण मिटवण्याचा याहून सोपा उपाय कोणाला सुचला नसेल. सूळेकेऱ्याहून निघालेली हरिद्रा नदी येथे तुंगभद्रेस मिळते. तुंगभद्रा पुढे कृष्णेस मिळते, आणि कृष्णा महाबळेश्वराहून, वाईच्या घाटावरून आलेली असते. नकाशावर ही रेघ बोटाने दाखवली तेव्हा त्या वाईच्या मुलीने ती आपल्या वहीत काढून घेतली.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार सूचना. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान जावे. तेव्हा तळी भरलेली आणि हवा सुखाची असते. दोन दिवस पुरतात, तीन असल्यास उत्तम. दावणगेऱ्यास मुक्काम करावा. आत खेड्यांत राहण्याची सोय गृहीत धरू नये. पाणी व फराळ बरोबर असावा. पुष्करणीच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, मुलांचे हात धरावेत. दोन शब्द कानडी येत असेल तर ते बोलावे; ज्यांना येत नसेल त्यांनी मुलांना पुढे करावे. आणि समाधीपाशी घोषणा, ध्वनिक्षेपक, नावे कोरणे यांतले काहीही करू नये.

मंडळाची पन्नास वर्षे कशासाठी होती, असे कोणी विचारले तर आपण सांगतो की मराठी टिकवण्यासाठी. गणेशोत्सव, नाटके, वाचनालय, संक्रांतीचे हळदीकुंकू हे सारे त्यासाठीच चालले आणि पुढेही चालले पाहिजे. त्यात आम्ही एका गोष्टीची भर सुचवतो. दर वर्षी मंडळाने मुलांना घेऊन या मुलुखातील एका गावी जावे. एखाद्या वर्षी कनकगिरी, एखाद्या वर्षी शिरे, कधी नंदीदुर्ग, कधी तंजावर. जे पाहिले ते मुलांनी मराठीत लिहावे आणि मंडळाच्या वाचनालयात ती वही ठेवावी. पाहिलेल्या गोष्टीविषयी लिहायला मुलांना मराठी लागली म्हणजे ती आपोआप टिकेल. आणि पायांखालची भूमी ओळखीची झाली म्हणजे गाव कोणते या प्रश्नाला त्यांना एक सोडून दोन उत्तरे देता येतील.

पुढच्या वेळी रात्रीच्या बसने जाताना चित्रदुर्गाच्या पुढे कोणाला जाग आलीच, तर पडदा थोडा बाजूला सारून डाव्या हाताच्या काळोखाकडे पाहावे. दिसणार काही नाही. पण त्या बाजूला आपले कोणी आहे एवढे माहीत असले तरी पुरे.